भिंत फोडावी का लागते?

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपली जुनी माणसं म्हणत आली आहेत. लग्नाला जसे दहा जणांचे हात लागतात, तसेच घरालाही लागतात. पाया खणणारा वेगळा, सळई बांधणारा वेगळा. गवंडी वेगळा, सुतार वेगळा. नळवाला आणि वायरमन आणखी वेगळे. प्रत्येक जण आपले काम जाणतो. तरीही बांधकामावर एक आवाज नेहमी कानी पडतो. तो म्हणजे छिन्नी-हातोड्याचा. काल बांधलेली भिंत आज कोणीतरी फोडत असतो.

असे का होते? गवंड्याला काम येत नाही म्हणून? नाही. नळवाला आळशी आहे म्हणून? तेही नाही. पुष्कळदा कारण एकच असते. एकाला जे ठाऊक होते, ते दुसऱ्याला वेळेवर कळले नाही.

या दुखण्यावर आता एक नवी पद्धत निघाली आहे. मोठमोठ्या इमारती, पूल आणि रेल्वे यांच्या कामात ती वापरतात. तिची ओळख आपण या धड्यात करून घेऊ. तुमच्यापैकी कोणी बांधकामावर जात असेल, कोणाचा मुलगा जात असेल, कोणी स्वतःचे घर बांधायला काढले असेल. ही ओळख त्या सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

एका नळाची गोष्ट

समजा, गावात दोन मजली दवाखाना बांधायचा आहे. आर्किटेक्टने नकाशा काढला. वरच्या मजल्यावर एका कोपऱ्यात मोरी दाखवली. इंजिनियरने दुसरा कागद काढला. त्यात खांब, बीम आणि सळया दाखवल्या. नळाच्या कामाचा तिसरा कागद निघाला आणि विजेच्या कामाचा चौथा. चारही कागद आपापल्या जागी बरोबर आहेत. पण ते एकावर एक ठेवून कोणी पाहिले? कोणीच नाही.

काम सुरू झाले. बीम भरला. स्लॅब पडला. पाणी मारून झाले. महिन्याने नळवाला चार इंची पाइप खांद्यावर घेऊन आला. पाहतो तर काय! पाइप जिथून खाली उतरायचा, तिथेच नेमका बीम आडवा.

आता करायचं काय? वाटा तीन आहेत.

पहिली वाट, बीमला भोक पाडायचे. पण बीमच्या पोटात सळई असते. सळई तुटली की बीमची ताकद कमी झाली. वरून गिलावा केला की कोणाला काही दिसत नाही. धोका मात्र आत बसून राहतो.

दुसरी वाट, पाइप वळवून न्यायचा. पण पाइपला जितकी वळणे जास्त, तितकी घाण अडकायची भीती जास्त. म्हणजे दवाखान्याच्या मागे कायमची कटकट लागली.

तिसरी वाट, मोरीच हलवायची. म्हणजे भिंत फोडा, फरशी उखडा आणि पुन्हा बांधा.

तिन्ही वाटांचा भुर्दंड कोणाला तरी बसतोच. मालकाचा पैसा जातो. ठेक्याने काम घेतलेल्या कारागिराची तर पुष्कळदा मजुरीच बुडते. ‘एकाच कामाचे दोनदा पैसे कसले?’ असे त्याला ऐकवले जाते. चूक त्याची नसते, पण घाम त्याचा जातो. विटा आणि सिमेंट मातीमोल होतात ते वेगळेच.

हाच पाइप कागदावर दीड हात सरकवायला काय लागले असते? एक खोडरबर!

कागदी नकाशात काय कमी पडते?

कागदी नकाशा हे मोठे उपयोगी साधन आहे. १८४२ साली जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने उन्हाच्या मदतीने निळ्या कागदावर चित्र उतरवण्याची रीत शोधून काढली. पुढे याच रीतीने बांधकामाच्या नकाशांच्या प्रती निघू लागल्या. निळा कागद आणि त्यावर पांढऱ्या रेघा. त्यावरूनच ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द आला. कितीतरी पूल, धरणे आणि कारखाने अशाच कागदांवरून उभे राहिले.

पण इमारत उभी असते आणि कागद सपाट असतो. म्हणून एकाच इमारतीची अनेक चित्रे काढावी लागतात. वरून पाहिल्यासारखे चित्र काढले, त्याला प्लॅन म्हणतात. समोरून पाहिल्यासारखे काढले, त्याला एलिव्हेशन म्हणतात. पपई मधोमध कापली की आतला गर आणि बिया दिसतात. तशी इमारत कापून आतले दाखवणारे चित्र म्हणजे सेक्शन.

आता एक दार घ्या. ते प्लॅनमध्ये असते, एलिव्हेशनमध्ये असते आणि सेक्शनमध्येही असते. शिवाय सुताराच्या यादीत असते. मालक म्हणाला, ‘दार एक फूट डावीकडे घ्या.’ मग ते चारही ठिकाणी सरकवले पाहिजे. तीन ठिकाणी सरकवले आणि एका ठिकाणी विसरले, तर? गवंड्याच्या हातात नेमका तोच कागद यायचा. मग काय, भिंत फोडा!

नवी पद्धत कशी असते?

आपल्याकडे गावचा नकाशा असतो आणि जमिनीचा सातबाराही असतो. नकाशात शेताची जागा आणि हद्द दिसते. पण शेत कोणाच्या नावावर, क्षेत्र किती, पीक कोणते, बोजा आहे का, हे सगळे सातबारा सांगतो. नकाशाला जागा ठाऊक असते, सातबाऱ्याला माहिती ठाऊक असते.

नकाशा आणि सातबारा एकत्र जोडले तर? शेतावर बोट ठेवले की त्याची सगळी माहिती समोर आली तर? इमारतीच्या बाबतीत ही नवी पद्धत हेच करते.

संगणकात आधी सगळी इमारत उभी करतात. नुसत्या रेघा काढत नाहीत. भिंत म्हणून भिंत ठेवतात, खांब म्हणून खांब ठेवतात. ही इमारत पडद्यावर फिरवून पाहता येते. वरून पाहा, खालून पाहा, हवी तिथे कापून पाहा. त्यातल्या दारावर बोट ठेवले की दार आपली माहिती सांगते. उंची किती, रुंदी किती, लाकडाचे की लोखंडी, किंमत काय, बिजागऱ्या कोणत्या. दार एकदा सरकवले की त्या इमारतीतून निघणाऱ्या प्रत्येक नकाशात ते सरकते. दारांची यादीही आपोआप बदलते.

या पद्धतीला इंग्रजीत ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ म्हणतात. बिल्डिंग म्हणजे इमारत, इन्फर्मेशन म्हणजे माहिती आणि मॉडेल म्हणजे नमुना. तीन शब्दांची पहिली अक्षरे घेऊन तिला थोडक्यात ‘बिम’ म्हणतात. स्लॅबखालचा बीम वेगळा आणि हे बिम वेगळे. दोघांची गल्लत करू नका. एक सिमेंट-सळईचा असतो, तर दुसरे माहितीचे.

लाल खूण

या नमुन्याचा सर्वांत मोठा उपयोग कोणता? चारही कागद एकावर एक ठेवून पाहण्याचा. आर्किटेक्ट आपला नमुना देतो. इंजिनियर, नळवाले आणि वीजवाले आपापला देतात. संगणक ते सगळे एकत्र बसवतो आणि कोण कोणाच्या वाटेत येते ते शोधतो. आपल्या दवाखान्याचा पाइप बीममधून जात असेल, तर तिथे लाल खूण उमटते. मग सगळे जण एका टेबलाभोवती बसतात. पाइप हलवायचा की मोरी, हे ठरवतात. तेव्हा जमिनीवर अजून कुदळही पडलेली नसते. बीममधून पाइप न्यायचाच असेल, तर इंजिनियर तसा हिशेब करतो. बीम भरण्याआधीच तिथे पाइपचा तुकडा ठेवून जागा सोडतात. मग छिन्नीचे कामच उरत नाही.

दुसरा उपयोग वेळेचा. लांबी, रुंदी आणि उंची ही तीन मापे झाली. त्यांना चौथे माप जोडतात ते वेळेचे. कोणता खांब कोणत्या आठवड्यात उभा राहणार, हे पडद्यावर आधीच दिसते. क्रेन कुठे उभी करायची, माल कुठे उतरवायचा, हेही आधी ठरवता येते. पाचवे माप पैशाचे. खांब एक फुटाने उंच केला, तर सिमेंट किती वाढले, सळई किती वाढली आणि खर्च किती वाढला, याचा हिशेब लगेच मिळतो.

आपल्या महाराष्ट्रात नागपूरच्या मेट्रो रेल्वेच्या कामात ही पाच मापांची पद्धत वापरली गेली. मेट्रोसारख्या कामात पूल असतात, स्टेशने असतात, रूळ असतात. विजेच्या तारा, पाण्याचे नळ आणि सरकते जिनेही असतात. ठेकेदारही अनेक असतात. अशा ठिकाणी एकाचे काम दुसऱ्याला कळणे किती जरुरीचे आहे, हे सांगायला नको. नागपुरात २०१९ च्या मार्च महिन्यात पहिली गाडी लोकांसाठी धावली. सुमारे ३८ किलोमीटरचा पहिला टप्पा २०२२ च्या डिसेंबरात पुरा झाला. सीताबर्डीला मेट्रोच्या दोन वाटा एकमेकींना भेटतात.

ही कल्पना कोणाची?

अमेरिकेत चार्ल्स ईस्टमन नावाचे एक प्राध्यापक होते. ते शिक्षणाने आर्किटेक्ट. १९७५ साली त्यांनी एका लेखात ही कल्पना मांडली. इमारतीचा एकच नमुना संगणकात ठेवावा, नकाशे त्यातूनच काढावेत आणि बदल एकाच ठिकाणी करावा, असे त्यांचे म्हणणे होते. पण त्या काळी संगणक फार महाग होते. कल्पना चांगली, पण साधन हाती नव्हते.

पुढे संगणक लहान आणि स्वस्त झाले. १९८२ साली युरोपातल्या हंगेरी देशात गाबोर बोयार यांनी एक कंपनी काढली. तिने घरगुती आकाराच्या संगणकावर इमारत उभी करणारी साधने बनवली. मग इतर देशांतही अशी साधने निघाली. इंग्लंडच्या सरकारने २०११ साली जाहीर केले आणि २०१६ पासून आपल्या मोठ्या कामांत ही पद्धत सक्तीची केली. २०१८ साली तिचे जागतिक नियमही छापून आले. माहिती कोणी द्यायची, कोणी तपासायची आणि कोणत्या नावाने ठेवायची, हे त्या नियमांत सांगितले आहे.

संगणक चुकत नाही का?

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, ‘मग झालं तर! आता संगणक सांगेल तसं बांधायचं.’ वाचकहो, इथेच जपून पाऊल टाकायचे आहे. संगणकाला आपण जे सांगतो, तेच तो खरे मानतो. जमिनीखाली जुना नळ असेल आणि तो नमुन्यात कोणी घातला नसेल, तर संगणकाच्या लेखी तो नळ नाहीच. म्हणून आम्ही परदेशातल्या दोन खऱ्या गोष्टी इथे देत आहोत. ही दोन्ही कामे बिम पद्धतीची म्हणून दिलेली नाहीत. पण माहिती चुकली की काय होते, ते त्यांतून कळते.

पहिली गोष्ट ऱ्हाइन नदीवरच्या पुलाची. नदीच्या एका काठावर जर्मनी आहे आणि दुसऱ्या काठावर स्वित्झर्लंड. दोन्ही काठांवरच्या गावांचे नाव एकच, लाउफेनबुर्ग. तिथे नवा पूल बांधायला घेतला. दोन्ही बाजूंनी काम चालू झाले. उंची मोजायची तर ती समुद्रापासून मोजतात. पण जर्मनीने धरलेला समुद्र उत्तरेकडचा आणि स्वित्झर्लंडने धरलेला दक्षिणेकडचा. दोन्ही मापांत २७ सेंटिमीटरचा फरक पडतो. हा फरक इंजिनियरांना आधीपासून ठाऊक होता. तो त्यांनी हिशेबात धरलाही. पण जिथे वजा करायचे, तिथे मिळवले गेले! फरक मिटला नाही, उलट दुप्पट झाला. २००३ साली लक्षात आले, की दोन टोकांत ५४ सेंटिमीटरचा, म्हणजे हातभराहून जास्त, चढउतार पडतो आहे. मग एका बाजूचे काम दुरुस्त करावे लागले. माहिती दोघांकडेही होती. चुकले ते एक चिन्ह.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. अमेरिकेत हार्टफर्ड नावाचे शहर आहे. तिथे खेळांसाठी एक मोठे सभागृह बांधले. त्याचे छप्पर लोखंडी दांड्यांच्या जाळीचे होते. छपराचा हिशेब संगणकावर केला होता. छप्पर जमिनीवर जोडून मग वर उचलले. तेव्हा मोजले, तर ते हिशेबापेक्षा दुप्पट लवत होते. इंजिनियरांना हे कळवले गेले. पण ‘इतका फरक पडायचाच’ म्हणून तो विषय सोडून दिला. पुढे छपराच्या कडेला तावदाने बसवणारे आले. त्यांची तावदाने बसेनात, कारण छप्पर वाकले होते. त्यांनी तक्रार केली. त्यांना उत्तर मिळाले, की कसेही करून बसवा, उशीर झाला तर जबाबदारी तुमची. बिचाऱ्यांनी तावदानांचे काही आधार कापले, काही नव्याने करून बसवले.

१८ जानेवारी १९७८ ची पहाट. छपरावर बर्फ साठला होता. सगळे छप्पर खाली कोसळले. आदल्या रात्री तिथे सुमारे ५,००० माणसे खेळ पाहत बसली होती. ती काही तासांपूर्वीच घरी गेली होती. म्हणून कोणाचा जीव गेला नाही.

चूक कशात निघाली? लांब बांबू दोन्ही टोकांनी दाबला की मध्ये वाकतो. तोच मध्यावर घट्ट धरून ठेवला, तर सहज वाकत नाही. छपराच्या दांड्या मध्यावर घट्ट धरलेल्या आहेत, असे संगणकाला सांगितले होते. प्रत्यक्षात त्या तशा धरलेल्या नव्हत्या. संगणकाने बेरीज-वजाबाकी बरोबर केली. पण ती नसलेल्या छपराची केली.

खरे काय ते कोणाला दिसले होते? मापाची टेप हातात धरणाऱ्याला आणि तावदान बसवणाऱ्याला. छप्पर त्यांना सांगत होते आणि ते वरच्यांना सांगत होते. वरच्यांनी ऐकले नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. बिम ही पद्धत चांगली आहे. पण आर्किटेक्टची आणि इंजिनियरची माहिती जशी त्या नमुन्यात जाते, तशी ओळंबा लावणाऱ्याची माहितीही गेली पाहिजे. नाहीतर तो नमुना अर्धाच राहील.

आपण काय करावे?

मोठ्या कामांवर आता मुकादमाच्या हातात कागदाऐवजी पाटीएवढा संगणक दिसतो. तो पाहून बुजू नका. ‘इथली आतली बाजू दाखवा’ असे सांगून पाहून घ्या. नकाशे काढायला शिकलेल्या मुलामुलींना या पद्धतीचे नवे काम मिळते. कोणाला शिकायची हौस असेल, तर जरूर शिकावे.

तुम्ही म्हणाल, ‘आमचं दोन खोल्यांचं घर. आम्हाला कुठला आलाय संगणक?’ खरे आहे. ही साधने महाग आहेत आणि लहान घराला त्यांची गरजही नाही. पण त्यामागचा विचार फुकट आहे. तो घ्या.

स्लॅब टाकण्याआधी गवंडी, सळईवाला, नळवाला आणि वायरमन यांना एकाच दिवशी, एकाच जागी बोलवा. चहा पाजा. नकाशा मध्ये ठेवा. ‘तुमचं भोक कुठं? तुमचा पाइप कुठून?’ असे प्रत्येकाला विचारा. या बैठकीला एक सकाळ लागते. भिंत फोडून पुन्हा बांधायला आठवडा लागतो.

नकाशाच्या कोपऱ्यात तारीख लिहिलेली असते. ती वाचा. नवा नकाशा आला की जुन्यावर मोठी फुली मारून ठेवा. एकाच कामावर दोन तारखांचे नकाशे फिरत असले, की समजा, हातोडा जवळ आला. एकेक अक्षर जोडून वाचायला शिकलेल्या माणसालाही ही तारीख वाचता येते. तिच्यामुळे महिन्याची मजुरी वाचू शकते.

गिलावा करण्याआधी भिंतीतल्या पाइपांचे आणि वायरींचे मोबाइलवर फोटो काढा. शेजारी मापाची टेप धरा. दहा वर्षांनी खिळा ठोकायचा असेल, तेव्हा ते फोटो कामाला येतील.

बीमला किंवा खांबाला भोक पाडायला कोणी सांगितले, तर इंजिनियरला विचारल्याशिवाय छिन्नी लावू नका. ‘मी अडाणी, मी काय बोलू?’ असे म्हणू नका. माप जुळत नसेल तर थांबा आणि सांगा. तोंडी सांगून कोणी ऐकत नसेल, तर कागदावर लिहा. खाली तारीख घाला आणि सही करा. लिहिलेले सहज पुसता येत नाही. लिहायला शिकलो, ते अशाच वेळी उपयोगी पडावे म्हणून.

विचार करा आणि बोला

१. गावनकाशा आणि सातबारा यांत काय फरक आहे? बिममध्ये ते दोन्ही कसे एकत्र येतात?

२. लाउफेनबुर्गच्या पुलाचे माप कशामुळे चुकले?

३. तावदान बसवणाऱ्यांच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते?

४. तुमच्या घरात किंवा कामावर कोणती भिंत पुन्हा फोडावी लागली? कोणती गोष्ट कोणाला आधी कळली असती, तर ती वाचली असती?